सरळ रस्त्यावरचा म्हसोबा

रंभाजीच्या मते मरण राहायचं ते फक्त करंजीच्या घाटात. बाकीचा रस्ता त्याच्या घरचाच.

तिसगावच्या वस्त्यांवरचं दूध कॅनमध्ये भरून तो रोज सकाळी राजदूत फटफटीवरून नगरला न्यायचा. असे चार दूधवाले होते. घाटाच्या पहिल्या वळणाला म्हसोबा होता. तिथे चौघेही थांबायचे, पेलाभर दूध वाहायचे आणि मग जीव मुठीत धरून घाट चढायचे. तीन वर्षांत घाटात कुणाला साधं खरचटलंही नव्हतं.

हे सगळं त्याने नगरजवळच्या केडगावला सासूला, गोजरबाईला, पुन्हापुन्हा सांगितलं होतं. बायको चांगुणा बाळंतपणाला तिथेच होती. लेक चार महिन्यांची झाली तरी गोजरबाई दोघींना धाडायचं नाव काढत नव्हती.

"फटफटीवर रोज मराया निघनाऱ्याच्या घरी माजी लेक न्हाई नांदायची," ती म्हणाली. "आधी त्यो धंदा सोडा."

"मामी, एकदा मागं बसून तर बघा!"

गोजरबाई काय कच्च्या गुरूची चेली नव्हती. दुसऱ्याच दिवशी तिने पदर खोचला आणि दोन्हीकडे पाय टाकून ऐटीत मागे बसली. कॅन डेअरीवर धुवायला ठेवून रंभाजी तिसगावकडे निघाला.

घाट तो असा उतरला, की पोटातलं पाणी हलू नये. म्हसोबाला हात जोडायला गाडी थांबवली. गोजरबाई खूश झाली. रंभाजीला तर आता लेक मांडीवर आल्यासारखीच वाटायला लागली.

घाट संपून सरळ रस्ता लागला. आता कसली भीती! रोजच्यासारखे दोन्ही हात सोडून तो तळहातावर तंबाखू मळायला लागला. रोज दोन्ही बाजूंना लटकलेले कॅन गाडी सरळ धरायचे. आज कॅन नव्हते, आणि गोजरबाई नेमकी मेंढरं बघायला एका अंगाला कलली.

पुढच्या क्षणी दोघं नांगरटीत.

"मामी, लागलं का वो?" रंभाजी रडकुंडीला आला होता. गेली लेक, गेली बायको!

गोजरबाईने लुगडं झटकलं. "न्हाई लागलं. घाटात कितींदा पडलाव, जावईबापू?"

"एकदाबी न्हाई!"

"मंग पडता कुटं?"

रंभाजीने तीन वर्षांत पहिल्यांदाच मोजलं. ओढ्यापाशी, चिंचेखाली, शाळेसमोर. आणि आज हितं. त्याचा चेहरा पडला. "समदं सरळ रस्त्यालाच, मामी."

"म्हंजी म्हसोबा चुकीच्या जागी बसवलाय तुमी." तिने बांधावरचा एक दगड उचलला, रस्त्याच्या कडेला मांडला, कनवटीची कुंकवाची डबी काढून त्याला कुंकू लावलं. "उद्या न्या दोगींना. पन हितं गाडी थांबवायची, खाली उतरायचं, पाया पडायचं. तंबाखू हितंच मळायची."

"चालत्या गाडीवरनं हात जोडले तर?"

"हात सोडले म्हनून तर ह्यो देव बसवाया लागला!"

दुसऱ्या दिवशी चांगुणा लेकीला पोटाशी बांधून मागे बसली. दगडापाशी रंभाजी उतरला, पाया पडला, मुकाट तंबाखू मळली.

"आई म्हनली, अजून तीन जागा हायेत," चांगुणा म्हणाली. "दगड मी बघते, तुमी जागा दाखवा."

वस्तीवर पोचायला दिवस मावळला. पण पोचले, तिघंही.