आशाचा उपसरपंच

सापुताऱ्याला जाऊन लोक डोंगर बघतात, आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो होतो. ग्रामपंचायतीचा निकाल लागला की सरपंचाच्या निवडीपर्यंत आपले सदस्य गावात ठेवायचे नाहीत, ही आमच्याकडची रीतच आहे. गावात राहिले की कुणीतरी त्यांना फोडतं. म्हणून आम्ही पाच सदस्य त्या लॉजवर येऊन पडलो होतो आणि पहाऱ्याला माझा दीर गोटीराम.

नऊ सदस्यांत पाच आमचे, चार विरोधातल्या कोंडाजीचे. आमच्यात मी लंकाबाई, माझी धाकटी जाऊ म्हणजे गोटीरामची बायको आशा, म्हातारी नवसाबाई, धनराज आणि पुंजानाना. त्या वर्षी, दोन हजार सालची गोष्ट आहे, सरपंचपद बायकांना राखीव निघालं होतं. आशाला सरपंच व्हायचं होतं. नवऱ्याने पुढे केलेल्या कागदावर सही करणारी सरपंच नाही, स्वतः खुर्चीत बसून चार लोकांना उत्तर देणारी. बारावी शिकलेली बाई, पहाटे शेवंतीच्या पाट्या घेऊन नाशिकच्या फुलबाजारात उभी राहायची आणि भल्याभल्या व्यापाऱ्यांना भावात वाकवायची. आरक्षण आपल्या गावाला पुन्हा कधी लागेल याचा काही नेम नव्हता. ही खेप हुकली असती तर ती जन्मभर हळहळली असती.

सरपंच आशा, हे सगळ्यांना मान्य होतं. अडलं होतं उपसरपंचावर.

धनराज तिशीतला गडी. लाल मोटरसायकल, पांढरे बूट, आणि बोलायला लागला की पारावरची माणसं विडी विझवून ऐकायची. आमच्या प्रचाराची सभा त्यानेच गाजवली होती, हे नाकारून चालणार नाही. पुंजानानांनी त्या सभेत सतरंज्या अंथरल्या आणि नंतर गोळाही केल्या. नाना किती वर्षं सदस्य होते ते गावालाही आठवत नव्हतं. पाण्याची मोटर जळली की नाना, मयत झालं की नाना, शाळेचं छप्पर उडालं की नाना. सभेत मात्र त्यांनी तोंड उघडलेलं मी कधी पाहिलं नाही. मला त्यांचा रागही यायचा. मुक्याने सगळं ओढणाऱ्या माणसाला लोक बैलच समजणार, दुसरं काय?

गोटीरामचं म्हणणं सरळ होतं. बाई सरपंच म्हटल्यावर जिल्हा परिषदेत जाऊन टेबल वाजवणारा माणूस शेजारी पाहिजे, तो धनराज. मी म्हटलं, टेबल वाजवून झाल्यावर गावात नळाला पाणी सोडायला कोण येणार? शेजारी असा माणूस ठेव की आशाला मागे वळून बघायला लागू नये. यावर गोटीराम हसला.

"वहिनी, धनराजला दिलं नाय तर तो उद्या कोंडाजीकडं बसंल. पुंजानाना कुठं जात्यात?"

नाना तिथेच, दारात बसून नवसाबाईसाठी चहा गाळत होते. त्यांनी ऐकलं. मी त्यांच्याकडे पाहिलं, पण त्यांनी गाळणी झटकली आणि कप पुढे केला. आशाही गप्प राहिली, आणि तिचं गप्प राहणं म्हणजे होकार हे सगळ्यांना कळलं.

संध्याकाळी गोटीरामने बेलभंडारा आणला. खंडोबाचा भंडारा उचलून दिलेला शब्द मोडायची आमच्याकडे कुणाची छाती होत नाही. आशाने उचलला, मी उचलला, नवसाबाईने उचलला. धनराजने तर कपाळाला लावून दोनदा उचलला. ताट नानांपुढे आलं तेव्हा गोटीरामने ते मागे घेतलं. नानांना शपथ घालायची म्हणजे त्यांचा अपमान, असं तो म्हणाला. सगळ्यांना ते पटलं, मलासुद्धा. नानांनी पुढे केलेला हात परत मांडीवर ठेवला.

निवडीच्या दिवशी सकाळीच आमची गाडी थेट ग्रामपंचायतीच्या दारात आली. अर्ज भरून झाले. आम्ही आत सतरंजीवर बसलो, समोर कोंडाजी आणि त्याची तिघं. तहसीलमधून आलेल्या साहेबांनी नावं वाचली. सरपंचपदाला दोन, आमची आशा आणि कोंडाजीची सून. उपसरपंचपदालाही दोन. धनराज आणि पुंजानाना. नानांना सूचक कोंडाजी.

कोंडाजीने चार हातांत एकच हात मिळवायचा डाव टाकला होता, आणि तो हात नानांचा स्वतःचाच होता.

अर्ज मागे घ्यायला पंधरा मिनिटं आहेत, असं साहेब म्हणाले. धनराज सरकत आशाच्या मागे आला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता.

"वहिनी, त्याला अर्ज मागं घ्यायला सांगा. नायतर तुमच्या टायमाला माझा हात वर होनार नाय."

मी त्याला भंडाऱ्याची आठवण करून दिली. त्यावर त्याने मलाच सुनावलं, की उपसरपंचपद ठरलं होतं म्हणून भंडारा उचलला, पद नाही तर शपथही नाही. वकिलाने हात टेकावेत असं बोलणं. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि ते मी त्याला सांगितलंही.

आशा उठली आणि नानांजवळ जाऊन बसली. मीही सरकले. ती हळू आवाजात विचारत होती, नाना, हे काय केलंत? नानांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. सकाळी गाडीतून उतरून मागच्या नळावर हातपाय धुवायला गेलो तेव्हा कोंडाजी कागद घेऊन आला, म्हणाले. उपसरपंच व्हशील का म्हणून त्याने विचारलं.

"म्हंजी तुम्ही त्यांच्याकडं गेलात?"

"न्हाय. माझं मत तुलाच हाय. पन इतक्या वर्षांत मला कुनी इचारलंच नव्हतं, आशे. इचारलं तवा कळलं, मलाबी पायजेल हाय."

आशाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला धड रडताही येत नव्हतं, समोर कोंडाजी मिशीतल्या मिशीत हसत होता. बाहेर गोटीराम खिडकीच्या गजांना धरून खुणा करत होता, मागे घे म्हणाव, मागे घे. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मी आशाचा हात दाबला. तिने काय करावं असं मला वाटत होतं, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. ती जिंकावी असं वाटत होतं आणि तिने ते तोंडातून काढू नये असंही वाटत होतं.

"नाना, मागं घ्या," आशा म्हणाली.

"घेतो. पन हितं कानात नको. समद्यांदेखत सांग, तुला कोन पायजे."

हे ते चिडून बोलले नाहीत. मोटरीचा बोल्ट कुठला पाहिजे असं विचारावं तसं विचारलं. कोंडाजीच्या माणसांची कुजबुज थांबली. आशा उभी राहिली. पदर डोक्यावर घेतला, परत घेतला.

"मला उपसरपंच धनराज पायजे," ती म्हणाली. आवाज चिरका आला, पण आला. "पुंजानानांनी अर्ज मागं घ्यावा."

नानांनी साहेबांपुढे जाऊन सही केली आणि जागेवर येऊन बसले. पुढचा अर्धा तास आमच्यापैकी कुणीच कुणाकडे पाहिलं नाही.

मग हात वर करून मतदान. कोंडाजीच्या सुनेला चार. साहेबांनी आशाचं नाव घेतलं. आशाचा हात, माझा, नवसाबाईचा. धनराजने आधी सगळीकडे पाहून घेतलं आणि मग हात उचलला. नानांचा हात मांडीवरच होता. साहेब पेन धरून थांबले. कोंडाजी पुढे वाकला. खरं सांगते, त्या क्षणी नानांनी हात वर केला नसता तर मी त्यांना एका शब्दाने बोलले नसते.

हात वर गेला. सरळ, कोपरात न वाकता.

आशा सरपंच झाली. धनराज बिनविरोध उपसरपंच. बाहेर फटाके लागले, गुलाल उडाला, आणि पोरांनी धनराजला खांद्यावर घेतलं. पोरं त्याच्याच नावाने ओरडत होती. आशाचं नाव घेत होता तो एकटा गोटीराम.

कोंडाजीची माणसं निघून गेली. साहेबांनी आशाला खुर्चीत बसायला सांगितलं आणि ते चहाला गेले. आत आम्ही तिघं राहिलो. आशा खुर्चीच्या कडेला टेकली. नाना पुढे आले आणि त्यांनी एक कागद टेबलावर ठेवला. सदस्यपदाचा राजीनामा होता. सदस्याने राजीनामा सरपंचाकडेच द्यायचा असतो, आणि आशापुढे सरपंच म्हणून आलेला तो पहिला कागद.

"नाना, असं करू नका," आशा म्हणाली. "तुम्ही गेलात तर चार-चार व्हत्यात. मग धनराज म्हनंल ते मला ऐकावं लागंल."

"व्हय."

"मी चुकले म्हनते ना."

"तू चुकली नाय. तुला जे पायजे व्हतं ते तू घेतलं. तुला माझा एक हात देनं लागत व्हतो, तो दिला. आता मला घरी जाऊ दे."

त्यांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि मागच्या दाराने गेले, पुढे गुलाल होता म्हणून. मी आशाला म्हटलं, जा, पळ, त्यांना गाठ, पाय धर. कागद फाडून टाक, मी बघितला नाही म्हणेन. ती उठायला लागली.

तेवढ्यात बाहेरून धनराजची हाक आली. "वहिनी, बाहेर या. हार घालायचा हाय, मानसं खोळंबल्यात."

आशाने मागच्या दाराकडे पाहिलं. मग पदर सारखा केला आणि सरपंचबाई पुढच्या दाराने बाहेर गेली.