नंतरच्या रकान्यातली भिंत

"माणूस मेला, तर त्याच्या यादीत उरलेली कामं कुठल्या रकान्यात टाकायची?"

बिल्यानाने विचारलं आणि शाळेच्या हॉलमध्ये एकदम चिडीचूप झालं. मागच्या रांगेत कुणाच्या तरी हातून सूर्यफुलाच्या बियांची पुडी पडली, तेवढाच काय तो आवाज.

प्लोव्हदिव्ह शहरातून आलेले साहेब वेळेचं नियोजन शिकवत होते. फळ्यावर त्यांनी चार चौकोन काढले होते: लगेच करा, नंतर करा, दुसऱ्याला द्या, सोडून द्या. जगातलं कुठलंही काम या चारांत बसतं, असं ते छाती ठोकून सांगत होते. हाच प्रश्न बिल्यानाने आदल्या दिवशी कँटीनमध्ये चीज भरलेल्या बनित्साचा घास तोंडात असताना विचारला होता, तेव्हा तिची मैत्रीण मिरेला म्हणाली होती, "मला काय विचारतेस? उद्या तो साहेब येतोय ना, त्याला विचार. हिंमत असेल तर!"

हिंमत ही चीज बिल्यानाकडे हल्लीच आली होती. नवे बूट घेतल्यावर जसं उगाच चार गल्ल्या फिरून यावंसं वाटतं, तसं तिला झालं होतं. म्हणून तिने हात वर केला.

साहेबांनी मार्करला टोपण लावलं, पुन्हा काढलं. मग म्हणाले, "दोनच मार्ग, मुली. एक तर दुसऱ्या कुणी ते काम करायचं. नाहीतर ते खोडायचं. यादीत नुसतं ठेवून द्यायचं नाही."

टाळ्या पडल्या. मिरेला तिच्या कानाशी म्हणाली, "जिंकलीस गं!" बिल्यानाने उठून नाटकातल्यासारखं लवून दाखवलं. पण जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. डिसेंबरपासून तिचं हे असंच चाललं होतं. बोलायची भरपूर, हसायची भरपूर, पण आतलं सगळं दात काढताना सुई टोचल्यावर ओठ होतो तसं. ओठ जागेवर आहे हे ठाऊक असतं, पण चावला तरी कळत नाही.

डिसेंबरात किरो काका गेला होता. बाबांचा थोरला भाऊ, बिनलग्नाचा, त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर राहणारा. दोघे भाऊ मिळून घरं बांधायचे. बाबा मापाचे पक्के आणि काका लक्षात ठेवण्यात पक्का. त्याची पद्धत सोपी होती. ज्या भिंतीचं काम, त्या भिंतीवरच सुताराच्या चपट्या पेन्सिलीने लिहायचं. "बेसिन पाच सेंटी खाली, मालकीण ठेंगणी आहे." "इथे वायर आहे, खिळा मारशील तर मरशील." काम झालं की आडवी रेघ. सगळ्या रेघा मारून झाल्या की वरून गिलावा. काका म्हणायचा, "माझी वही कधी भरत नाही बघ. गिलावा हाच माझा खोडरबर."

तर असा तो शुक्रवारी सकाळी बूट घालायला वाकला आणि परत उठलाच नाही. आणि सहा घरांची कामं कुठे काय अडली आहेत, हे कुणालाच सांगता येईना.

म्हणून मार्चमध्ये बिल्यानाने गॅरेजमध्ये एक जुनं दार आडवं करून भिंतीला टेकवलं. निळ्या चिकटपट्टीने त्याचे चार रकाने पाडले: आता, वाट बघतंय, नंतर, झालं. फरशीच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून कार्डं केली. मग मिरेलाला घेऊन ती सहाही घरं हिंडली आणि भिंतींवरचं काकाचं अक्षर कार्डांवर उतरवून घेतलं. एकाच ठिकाणी, टेकडीवरच्या नव्या घरात, जिन्याकडच्या भिंतीपाशी बाबांनी तिला थांबवलं होतं. "तिथे काही नाही. चल."

आंगो, त्यांचा गिलावा करणारा म्हातारा कारागीर, पहिल्या दिवशी त्या दारासमोर टोपी काढून उभा राहिला आणि त्याने छातीवर क्रॉसची खूण केली. "चर्चमध्ये जायला नको आता. रोज सकाळी इथेच दर्शन! बाईसाहेब, माझ्या तंबाखूचं कार्ड कुठंय?"

"तुमची तंबाखू 'सोडून द्या'मध्ये आहे, आंगो आजोबा."

"हात् तिच्या! असा रकानाच नाही इथं, मी मोजलेत."

पण दार चाललं. एका महिन्यात चार घरं 'झालं'मध्ये गेली, पाचवं मार्गी लागलं. विजेचं काम व्हायच्या आत फरशी बसवायची चूक एकदाही झाली नाही. आंगोसुद्धा सकाळी आधी दार बघायचा, मग गाडीत बसायचा. आई म्हणाली, "पोरीने घर सावरलं." बाबा समोरच बसले होते. त्यांनी कढत डोंगरी चहाचा ग्लास मुठीत धरला होता. तो इतका गरम होता की आईने फडक्यात धरून आणलेला. पण बाबांची बोटं सिमेंटने अशी झाली होती, की गरम काय नि गार काय.

अडलं होतं ते फक्त टेकडीवरचं घर. आणि त्या घरातही फक्त एक कार्ड. 'जिन्याकडची भिंत, गिलावा.' जिन्याचा कठडा त्याच्यासाठी थांबलेला, दिवे थांबलेले, रंग थांबलेला. 'वाट बघतंय'मधली अकरा कार्डं या एकट्या कार्डाच्या तोंडाकडे बघत बसली होती. बिल्याना रोज ते 'आता'मध्ये लावायची आणि दुसऱ्या दिवशी ते 'नंतर'मध्ये असायचं.

तिचा संशय अर्थातच आंगोवर. म्हणून साहेबांच्या भाषणाच्या दुसऱ्या दिवशी ती शाळेआधी गॅरेजमध्ये, सिमेंटच्या गोण्यांवर बसून राहिली. सहा वाजता बाबा आले. त्यांनी तिला पाहिलं नाही. ते सरळ दारापाशी गेले, कार्ड काढलं आणि 'नंतर'मध्ये खोचलं. असं, जसं रोज दात घासतो.

"बाबा?"

ते दचकलेही नाहीत. "भिंत ओली आहे अजून."

"पाच महिने?"

"ओली आहे म्हटलं ना." आणि ते गाडी काढायला गेले.

त्याच दिवशी टेकडीवरच्या घराच्या मालकिणीचा निरोप आला. सोमवारपर्यंत जिन्याला गिलावा लागला नाही, तर मे महिन्यातल्या संत गेओर्गीच्या सणापासून ती गवंड्यांची दुसरी टोळी लावणार. आईने निरोप वाचून दाखवला. हे घर गेलं तर आंगोही जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला दुसऱ्या टोळीने आधीच विचारलं होतं. मग उरले बाबा एकटे, आणि एकट्याने घर बांधता येत नाही. बाबा म्हणाले, "बघू." आणि मीठ मागितलं.

शनिवारी बिल्यानाने आंगोला अंगणातच गाठलं. तो बादली धूत होता.

"आंगो आजोबा, त्या भिंतीत काय आहे?"

"विटा."

"आजोबा!"

"अगं, विटा आणि रेती, आणखी काय असणार?" त्याने बादली पालथी घातली, तिच्यावर बसला. "तुझ्या बापाला सांगशील मी सांगितलं म्हणून?"

"लगेच सांगेन. त्यामुळे नीट सांगा."

म्हातारा हसला, मग हसायचं थांबला. "जुने गवंडी म्हणायचे, भिंतीत कुणाची तरी सावली चिणल्याशिवाय घर टिकत नाही. जाणाऱ्या-येणाऱ्याची सावली गुपचूप दोरीने मोजायची आणि दोरी भिंतीत घालायची. घर शंभर वर्षं उभं. तो माणूस मात्र चाळीस दिवसांत आटोपतो. आता कोण मानतं? गंमत म्हणून सांगतात पोरं एकमेकांना."

"मग?"

"मग नोव्हेंबरात तुझा बाप, स्तामेन, चढला होता शिडीवर. खाली किरो उभा, पाठमोरा, सिगारेट ओढत. उन्हं तिरपी, सावली ही एवढी लांब! स्तामेनला आली लहर. उतरला, दोरी लावली, मोजली, आणि दोन विटांच्या सांध्यात कोंबून वरून सिमेंटचा मसाला थापला. किरोने वळून पाहिलं तर काम झालेलं. आम्ही पोट धरून हसलो. किरो म्हणाला, 'लेका कंजुषा, माझ्यासाठी नवी दोरी तरी आणायचीस!'"

"आणि?"

"सदतिसावा दिवस होता पोरी, तो गेला तेव्हा. मी मोजले नव्हते. तुझ्या बापाने मोजले."

बिल्यानाला वाटलं, आता आपल्याला रडू येईल. ती वाट बघत उभी राहिली. आलं नाही. तिने फक्त आंगोला विचारलं, "तुमच्याकडे त्या घराची किल्ली आहे ना?"

मिरेलाला घेऊन ती टेकडी चढली. घरात थंडी होती आणि चुन्याचा वास. दोरी लगेच सापडली. दाराच्या चौकटीपासून वीतभर अंतरावर, दोन विटांच्या मधून तिचं टोक बाहेर आलेलं, उंदराच्या शेपटीएवढं.

"ओढून काढू या?" मिरेला कुजबुजली. "काढली की संपलं."

"काय संपलं? काका परत येणार आहे?"

"तसं नाही गं..."

"मग हात लावू नकोस."

भिंतीच्या खालच्या अर्ध्या भागाला थर्मोकोलचे जाड तक्ते टेकवून ठेवले होते. हलकेच असतात, पण डिसेंबरपासून कुणी हलवले नव्हते. बिल्यानाला कार्डांची खोड लागलेली. राहिलेलं अक्षर उतरवून घेऊ, म्हणून तिने एकेक तक्ता बाजूला केला. मागे काकाची पेन्सिल होती, नेहमीचीच, डावीकडे कललेली. "कठड्याचे खिळे आठचे", रेघ. "इथे तसबिरीसाठी जागा सोड", रेघ. "आंगोला सांग, रेती चाळ", दोन रेघा. आणि सगळ्यात खाली, रेघ नसलेली एकच ओळ.

मिरेलाने वाकून मोठ्याने वाचलं. "शनिवारी स्तामेनची सावली मोजायची. फिट्टंफाट. बुटका आहे, आखूड दोरी पुरेल."

ती फसकन हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. "सॉरी, सॉरी, बिल्याना..."

"हस ना. हसण्यासारखंच आहे."

बिल्यानाने फोनमध्ये फोटो काढला. मग पुठ्ठ्याचं कार्ड काढून त्यावर ती ओळ जशीच्या तशी उतरवली. अक्षर सुवाच्य आलं.

संध्याकाळी जेवायला पांढऱ्या घेवड्याचं सूप होतं. आई पाव कापत होती. बाबा रोजच्यासारखे बसले होते, म्हणजे खुर्चीवर त्यांचं जाकीट ठेवलं असतं तरी फारसा फरक पडला नसता. बिल्यानाने फोन त्यांच्या ताटाशेजारी ठेवला.

"काय आहे?"

"वाचा."

त्यांनी डोळे बारीक केले. अक्षर मोठं करायला दोन बोटं पडद्यावर ठेवून फाकवली. काही झालं नाही. पुन्हा फाकवली. सिमेंटने झिजलेली ती बोटं फोनला कळतच नव्हती. शेवटी बिल्यानाने हात पुढे करून अक्षर मोठं केलं.

बाबांनी वाचलं. परत पहिल्यापासून वाचलं.

"कुठे होतं?"

"तक्त्यांच्या मागे. त्याच भिंतीवर."

"अक्षर त्याचंच आहे," बाबा म्हणाले.

"काय चाललंय?" आईने सुरी खाली ठेवली. "स्तामेन, कसली सावली?"

बाबांनी सांगितलं. चार वाक्यांत सांगितलं. रेती किती लागली ते सांगावं तसं. आई ऐकत राहिली. मग ती म्हणाली, "पाच महिने हे घेऊन झोपत होतात तुम्ही? माझ्या शेजारी?"

"तुला काय सांगणार होतो, गिन्का? भावाला दोरीने मारलं म्हणून?"

"डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याच्या मेंदूतली नस फुटली!"

"ते मला माहीत आहे."

"मग?"

"माहीत आहे म्हणून काय झालं?"

बाबांनी पुन्हा फोनकडे बघितलं. पडदा विझला होता. त्यांनी त्यावर बोट टेकवलं, तो उजळला नाही.

"बुटका म्हणे," ते म्हणाले. "माझ्याहून दोन सेंटीच तर उंच होता." त्यांचा ओठ एका बाजूला किंचित हलला. तेवढंच. मग ते पुन्हा सूप पिऊ लागले. सूप आता गार झालं असणार, पण त्यांना ते कळलं नसावं.

बिल्यानाने खिशातून दोन्ही कार्डं काढली आणि पावाच्या टोपलीला टेकवून उभी केली. एक भिंतीचं, सारखं खोचून-काढून कोपरे मऊ झालेलं, आणि एक आजचं, नवं करकरीत. कानाच्या मागे खोचलेली काकाची चपटी पेन्सिल तिने हातात घेतली. आपण किती जोरात बोलतोय हे तिला कळलं नाही. आईने मात्र शेजारच्या घराकडे बघत खिडकी लावून घेतली.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "काकाच्या यादीत त्याने स्वतः करायचं असं आता हे एकच काम उरलंय, बाबांची सावली मोजायचं. ते कुणीही करणार नाहीये. ते मी खोडतेय, ही बघा रेघ. आणि भिंतीचं कार्ड आजपासून माझ्या नावावर. आई, सोमवारसाठी शाळेला चिठ्ठी लिहून दे, ताप आलाय म्हण, काहीही म्हण. आंगो आजोबा मसाला कालवतील, मी विचारलंय त्यांना. दोरी आहे तिथेच राहील. काकाच्या त्या ओळीवर पहिली थापी मी मारणार. बाबा, तुम्ही भिंतीकडे बघू नका हवं तर. तुम्ही फक्त माझ्या मागे उभं राहून पाणसळ धरा आणि वाकडं होतंय का ते सांगा."