एक ओळ मागे

शैलजाच्या आईच्या मिक्सरला अख्ख्या डोकमर्डीत तोड नव्हती! पप्पांचं नुसतं नाव निघायचा अवकाश, की घुर्रर्र! गेल्या पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन पप्पा गेले, तेव्हापासून घरात चटणीला तोटा नव्हता. शेंगदाण्याची, लसणाची, खोबऱ्याची. चर्चमधली माणसं सांत्वनाला यायची आणि वाटीभर चटणी घेऊन परत जायची.

नववीतल्या शैलजाला चटणी नको होती. सायली गावातल्या कारखान्यातून आल्यावर पप्पा सायकलची घंटी कशी वाजवायचे, स्वतःच्याच विनोदावर कसे हसायचे, हे तिला आईशी बोलायचं होतं. न बोलता न बोलता त्यांचा आवाजच पुसट व्हायला लागला होता. तो पार गेला तर?

त्या शुक्रवारी चर्चची कॉटेज मीटिंग, म्हणजे घरगुती प्रार्थनासभा, त्यांच्याच घरी होती. सगळे चटईवर दाटीवाटीने बसलेले, आत आई पोह्यांच्या तयारीत. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "आज प्रार्थना आपली शैलजा करील."

तिने झकास प्रार्थना पाठ केली होती. आजाऱ्यांसाठी, सरकारसाठी, गणिताच्या पेपरासाठी. पण डोळे मिटले आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"प्रभू, मी तुझ्यावर रागावलेय. पप्पांना का नेलंस? आमच्या घरात कुणी रडतसुद्धा नाही. मला ते खूप आठवतात. आमेन."

कुणी आमेन म्हणेचना! आणि आतून घुर्रर्र!

तेवढ्यात कोपऱ्यातून म्हाताऱ्या चिमाबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आमेन! आणि कुसुम, बंद कर गं ते यंत्र! मेलेल्या लाजराला उठवणार हे ठाऊक असूनही प्रभू आधी रडलाच की. तू काय त्याच्याहून धीराची लागून गेलीस?"

मिक्सर थांबला. आई दारात आली.

"भांड्यात काहीच नव्हतं," ती म्हणाली. "रिकामंच फिरवत होते."

ती शैलजाजवळ येऊन बसली आणि तिला कुशीत घेऊन ढसाढसा रडली. शैलजाही रडली. कुणी "रडू नका" म्हटलं नाही. मग नाक पुसत आईच म्हणाली, "गाणंसुद्धा धड म्हणायचे नाहीत हो हे. सगळं चर्च पुढे, हे आपले एक ओळ मागे!"

"आणि पट्टी खालची!" शैलजा म्हणाली.

"खालची कसली? पट्टीच नव्हती!"

"मी 'बसा' म्हणायचो," पाळकसाहेब हसत म्हणाले, "आणि भास्करराव एकटेच उभे राहून गात असायचे!"

मग पप्पांचं आवडतं गीत सुरू झालं. आई मुद्दाम एक ओळ मागे राहिली. शैलजाही तिच्याबरोबर मागे राहिली. तिसऱ्या कडव्याला चिमाबाईही त्यांना सामील झाल्या आणि पाळकसाहेबांचा ताल पार बिघडला. त्या गोंधळात शैलजाला पप्पा अगदी शेजारी गात असल्यासारखे ऐकू आले.

पोहे झकास झाले होते. चटणी मात्र नव्हती.