चिरुटांची फॉरेन पेटी

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. दागिन्यांची नाही, देवाची नाही. चिरुटांची. चिरूट ओढणं वाईटच, त्या नादाला लागू नका. पण मी सांगणार ती गोष्ट धुराची नाही. मला घडवलं त्या माणसाची आहे.

सन बहात्तर. चंडीगडजवळची चंडीमंदिरची छावणी. मेजर श्यामसुंदर दळवी तेव्हा एकटे राहायचे. त्यांना तिरुचिरापल्लीहून चिरूट यायचे. पण मे महिन्यात इथली लू, म्हणजे भाजून काढणारा वारा, सुटली की चिरूट पापडासारखे वाळायचे, हातात घेतले की चुरा. फॉरेनला म्हणे ओल धरून ठेवणाऱ्या पेट्या मिळतात. किंमत ऐकून साहेबांनी तो नाद सोडला.

त्यांचा अर्दली होता विश्राम मेस्त्री. कुडाळकडचा, घरात बापजाद्यांपासून सुतारकी. शिपाई म्हणून भरती झाला नि हातातला रंधा सुटला, बुटांचा ब्रश आला. त्याच्या जिवाला एकच घोर होता. पलटणीत सुताराची जागा मिळावी. त्यासाठी कुणा साहेबाने शब्द टाकायला हवा.

"साहेब, पेटी मी करतो," तो म्हणाला.

"तू? कर बाबा. कोंबड्यांचं खुराडं करू नकोस म्हणजे झालं."

बदलीच्या सामानाचं एक मोडकं खोकं होतं, त्याच्या फळ्यांचं त्याने माझं अंग केलं. आतल्या अस्तराला सगळे म्हणाले, देवदार लाव, इथे ढिगाने मिळतो. विश्राम ऐकेना. देवदाराचा वास उग्र, तो चिरुटांना लागणार. मग जवळच्या मनीमाजऱ्याच्या कबाड्याकडून, म्हणजे भंगारवाल्याकडून, तुणीच्या लाकडाचं मोडकं कपाट हुडकून आणलं. कबाडी हसला, "ओ फौजी, इस टूटे पल्ले का क्या करेगा, ससुराल भेजेगा?" पण तुणीचा वास मवाळ. ती ओल पिते आणि हळूहळू सोडते. आतून पॉलिश नाही, व्हार्निश नाही. सांधे असे बसवले की दोरा आत जाईना. झाकणाला आतून भोकाभोकांची प्लॅस्टिकची साबणदाणी, तिच्यात स्पंजचा तुकडा. स्पंज भिजवून पिळायचा, थेंब पडता कामा नये. पाणी नळाचं चालत नाही. गाड्यांच्या बॅटरीत घालतात ते पाणी तो मोटारखान्यातून मागून आणायचा. पहिले आठ दिवस मी रिकामीच ओल पीत पडले होते. मग चिरूट आले.

जूनच्या भर उन्हाळ्यात साहेबांनी एक चिरूट बोटांनी दाबून पाहिला. मऊ, ताजा.

"विश्राम, लेका, कमाल केलीस. तुझं नाव वरती सांगतो मी. पक्का."

त्या दिवशी विश्रामने मला तीनदा पुसलं.

पुढल्या वर्षी साहेबांचं लग्न झालं, पद्मिनीबाई घरात आल्या. हिवाळ्यात पार्टी ठेवली. पंजाबी ब्रिगेडियर साहेब आले, त्यांनी मला उचललं, झाकण उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"दळवी, ये डब्बा कहाँ से मारा?"

विश्राम सोड्याचा ट्रे घेऊन दोन हातांच्या अंतरावर उभा होता. मी म्हटलं, आला त्याचा दिवस. साहेबांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा नव्या बायकोकडे.

"फॉरेन का है, सर. मेरे कज़िन ने लंदन से भेजा."

"अफसोस," ब्रिगेडियर म्हणाले. "यहाँ का होता तो उस कारीगर को कल ही उठा ले जाता. मेस का इतना काम पड़ा है, ढंग का बढ़ई नहीं मिलता."

विश्रामने ट्रे पुढे केला. "सोडा, साब?"

पाहुणे गेल्यावर साहेब म्हणाले, "अरे, पार्टीत असं बोलावं लागतं. मनाला लावून घेऊ नकोस. नंतर सांगतो मी त्यांना."

कसले सांगतात. लंडन एकदा तोंडातून गेलं, ते परत कसं गिळणार? उलट दर पार्टीला ते लंडन वाढत गेलं. दुकानाचं नाव आलं, दुकानदाराची टोपीसुद्धा आली. शेवटी शेवटी तर साहेबांना स्वतःलाच खरं वाटायला लागलं असावं.

विश्राम मात्र दर आठवड्याला स्पंज भिजवत राहिला. सत्त्याहत्तरला त्याची पंधरा वर्षं भरली. शिपाई आला होता, शिपाईच निघाला. जाताना पद्मिनीबाईंना म्हणाला, "बाईसाहेब, पेटीला बॅटरीचंच पाणी घाला. नळाचं नको, बुरशी धरेल."

"काय रे विश्राम," बाई हसल्या. त्यांचा दोष नाही, त्यांना कुणी खरं सांगितलंच नव्हतं. "लंडनच्या वस्तूला बॅटरीचं पाणी? तुला काय कळतं त्यातलं?"

साहेब समोरच पेपर वाचत होते. पेपर खाली आला नाही.

विश्रामने माझं झाकण नीट मिटलं. मग "येतो साहेब" म्हणून ट्रंक उचलून निघाला.

बाई नळाचं पाणी घालत राहिल्या, तेही टपटप गळेपर्यंत. दोन महिन्यांत चिरुटांवर पांढरी लव आली, तूण फुगली, झाकण मिटेना. "फॉरेनचं पण काही खरं नाही हो," बाई म्हणाल्या. आता साहेब निवृत्त झालेत, चंडीगडला सेक्टर पस्तीसमध्ये घर आहे. मी जिन्याखाली असते. माझ्यात बुटांचं पॉलिश ठेवतात.

मित्रांनो, वस्तू जपा, पुसा, ते तर कराच. पण कुणी विचारलं, हे कुणी केलं, आणि करणारा तिथेच उभा असला, तर त्याचं नाव सांगा. तेवढ्याने तुमचं काही कमी होत नाही. त्याचं मात्र सगळं आयुष्य त्या एका नावावर अडलेलं असतं. माझ्या मेस्त्रीचं अडलं, ते तसंच अडून राहिलं.