जन्मला आणि पाव

भाषांतरकार बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले आणि कागद पुन्हा वाचला. ‘अर्जदार याच वस्तीत जन्मला आणि पाव.’

“पाव?”

समोर चावीवाले काका मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. ही त्यांची चौथी चक्कर. तोंडाला फेस आला होता बिचाऱ्यांच्या.

“पुनर्वसन कचेरीतले साहेब म्हणाले, तुमची बेकरी होती का? म्हटलं, नाही हो, मी कुलपं दुरुस्त करतो. तर म्हणे, मग हा पाव कुठून आला?”

बाईंना हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचायच्या आतच दमलं. बावीस वर्षं या टेबलावर लोकांची वाक्यं इकडची तिकडे करून हसायचंही त्राण उरलं नव्हतं.

वकिलानं इंग्रजीत लिहून दिलं होतं, ‘बॉर्न अँड ब्रेड’. आधीच्या भाषांतरकारानं घाईघाईत दुसऱ्या शब्दाचा पाव करून टाकला होता. वस्ती पाडायची होती. जे इथलेच ठरतील त्यांना नव्या इमारतीत खोली, बाकीच्यांच्या हाती नारळ.

“जन्मले आणि वाढले,” बाई टाइप करत म्हणाल्या. “झालं बघा तुमचं काम.”

“थांबा जरा.”

“आता काय?”

“वाढलो, हे खरं. जन्मलो म्हणू नका.” काका पिशवीचा बंद बोटाला गुंडाळू लागले. “बसथांब्यावर सापडलो मी. आई कामावरून येत होती, तिनं उचलून घरी आणलं. जाताना सांगून गेली.”

“वकिलाला बोललात?”

“त्यानं विचारलंच नाही.”

“अहो, मग गप्प बसायचं ना! कोण बघायला आलं होतं?”

“खाली सही मला करायचीय.”

बाईंना राग आला, अगदी मनापासून आला. एवढा खरेपणा उराशी धरून हा माणूस सत्तरीत राहणार कुठे? आणि सहीच्या शेजारी शिक्का त्यांचा असायचा: भाषांतर अचूक आहे.

बाईंनी कीबोर्डवरचे हात मागे घेतले.

“आई लोकांना काय सांगायची? विचारत असतील ना, कुणाचा हा म्हणून?”

“विचारायचे की! गल्लीतल्या बायका सोडतात होय? ती एकच सांगायची, ‘आमचाच आहे.’ पुढं बोलायची कुणाची टाप नव्हती.”

बाईंनी आधीची ओळ पुसली. वाक्प्रचाराला शब्दाला शब्द लावायचा नसतो, अर्थ बघायचा, हे त्या नव्या माणसांना पहिल्याच दिवशी सांगत. त्यांनी तीन शब्द टाइप केले, कागद छापला, शिक्का मारला आणि पुढे सरकवला.

काकांनी ओळीखाली बोट ठेवून वाचलं. ‘अर्जदार इथलेच आहेत.’

“हे खोटं नाही ना, बाई?”

“तुमची आई खोटं बोलायची?”

पिशवीचा बंद काकांनी बोटावरून सोडवला.

“पेन द्या,” ते म्हणाले.