आईच्या हातातला पत्ता

नारीन नदीकाठच्या एका लहानशा विद्यापीठात ईमेलचा सगळा कारभार सालकिनकडे होता, आणि तिच्यापुढे कुणाची डाळ शिजत नसे. मागच्या हिवाळ्यात पासवर्ड लावलेल्या एका फाइलमधून व्हायरस शिरला आणि अख्खा सर्व्हर आडवा झाला. तेव्हापासून तिने नियमच करून टाकला. बाहेरून अशी फाइल आली की पत्र अडवायचं आणि पंधरवड्याने पुसून टाकायचं. ज्याचं पत्र त्याला कळवायचंसुद्धा नाही. कळवलं की लोक गयावया करत दारात उभे.

तरी यायचेच. "सालकिन-एजे, माझ्या पुतण्याचं एवढं एक सोडा ना," म्हणत म्हातारे प्राध्यापक कुरुतची, म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांची पिशवी टेबलावर ठेवायचे.

"कुरुत घरी न्या, सर. नातवंडं खातील."

या ताठपणाचा तिला फार अभिमान होता. खरं सांगायचं तर थोडी मस्तीच होती.

तिची लेक आयपेरी तिथेच शिकत होती. हल्ली रोज सकाळी चहा ओतताना ती विचारायची, "आपा, सर्व्हर नीट चाललाय ना?"

"का गं? कोणी पोरगा पत्रं लिहितोय वाटतं!"

आयपेरी हसून विषय टाळायची. पुढे पुढे तिचं हसणंही थांबलं.

एका दुपारी ती ऑफिसात आली ती पांढरीफटक पडलेली. अंकाराच्या विद्यापीठाने तिची शिष्यवृत्ती दुसऱ्या कुणाला दिली होती. फोनवर तिथली बाई म्हणाली, पत्र कधीच पाठवलंय, तुमचा होकारच आला नाही.

सालकिनने नोंदी उघडल्या. पत्र आलं होतं. सोबत पासवर्ड लावलेली फाइल होती. म्हणून अडवलं होतं, आणि मुदत संपल्यावर पुसलं होतं.

"परत आणता येईल?"

"नाही गं. आणि आणूनही आता काय उपयोग?" सालकिनला रडू फुटलं. "एका शब्दाने तरी बोलायचंस मला!"

"होण्याआधी बोललं की दृष्ट लागते. तूच शिकवलंस ना, आपा?"

"मग दुसरा कुठलातरी पत्ता द्यायचास. बाहेरचा!"

आयपेरी पडद्यावरच्या त्या एका ओळीकडे पाहत होती.

"म्हटलं, हा पत्ता आईच्या हातात आहे. इथे काही हरवायचं नाही."