खारट आमटी

कारखान्याला टाळं लागल्यापासून उत्तरेश्वर घर सांभाळत होता, आणि चांगलं सांभाळत होता. प्रियदर्शनी सकाळी कंपनीच्या बसने हिंजवडीला जायची. ती अंधार पडल्यावर विश्रांतवाडीला परतायची तोवर स्वयंपाक, धुणीभांडी, दळण सगळं उरकलेलं असायचं. दोघांचं त्यात काही अडत नव्हतं. अडायचं ते बार्शीहून त्याच्या घरचं कोणी येणार म्हटल्यावर. मग उत्तरेश्वर ‘धंद्याच्या खटपटीत’ असायचा आणि प्रियदर्शनी सुगरण व्हायची. हे सोंग त्याच्याच डोक्यातून निघालेलं. तिने ते सुरुवातीला हसून आणि पुढे न हसता वठवलं होतं.

त्या रविवारी त्याची आई सुशीलाबाई आणि चुलते भीमराव जेवायला येणार होते. पुरणपोळीचा बेत. पोळ्या झाल्या होत्या, आमटीला उकळी फुटली होती, आणि पाहुणे ठरल्याच्या आधीच दारात हजर. बेल वाजली तशी उत्तरेश्वरची त्रेधा उडाली. आमटीत मीठ घातलं की नाही तेच आठवेना. त्याने चांगलं मूठभर मीठ टाकलं, पळी बायकोच्या हातात कोंबली आणि बाहेर येऊन पेपर उघडून बसला. घरचा कर्ता पुरुष!

पहिल्याच भुरक्याला भीमरावांचं तोंड वाकडं झालं. “सूनबाई, मिठागर इकत घेतलंय काय?”

सुशीलाबाईंनी वाटी बाजूला सारली. “कॉम्प्युटर चालवती म्हनं. घरात ध्यान नगं? आईनं काय शिकवलंच न्हाई का तुला?”

प्रियदर्शनीने एकदाच नवऱ्याकडे पाहिलं. आई, आमटी मी केली, एवढंच म्हणायचं होतं त्याला. पण समोर भीमराव होते. त्यांना कळलं की साऱ्या भावकीला कळलं. उत्तरेश्वरने मान खाली घालून पोळीवर तूप वाढून घेतलं.

“चुकलं, आई,” प्रियदर्शनी म्हणाली.

सुशीलाबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. तिच्या नोकरीपासून माहेरापर्यंत सगळं काढलं. मध्येच लेकाकडे बघायच्या, पुन्हा बोलायच्या. लाजेने त्याचे कान तापले होते, तरी तो जेवत होता.

संध्याकाळी तो दोघांना एसटी स्टँडवर सोडायला गेला. भीमराव तिकिटाच्या रांगेत लागले तशी आई म्हणाली, “आमटी तू केली हुतीस.”

त्याने आधी रांगेतल्या भीमरावांकडे पाहिलं.

“आमटीला कारळाचं वाटण आपल्याच घरात लागतंय. तुला भैन न्हाई म्हणून तूच माझ्यापाशी चुलीजवळ बसायचास. त्या पोरीला ते कुठलं ठावं?”

“मग तिला का बोललीस?”

“तू बोलशील म्हणून! वाटलं, आता तोंड उघडंल, मग उघडंल. तू तूपपोळी खात बसलास.” आईचे डोळे भरले. “तिच्या आईबापाला बोलून बसले रे मी. आता कुठल्या तोंडानं यिऊ तुझ्या दारात?”

तो घरी आला तेव्हा प्रियदर्शनी खरकट्या भांड्यांच्या ढिगापुढे बसली होती. रोजचं ते काम त्याचं. त्याने बाह्या सरसावल्या आणि तिच्या हातातलं आमटीचं पातेलं घ्यायला वाकला.

तिने पातेलं सोडलं नाही.

“राहू द्या,” ती म्हणाली. “खिडकी उघडी आहे. कोणी बघेल.”